बाळंतपणाची पिशवी: वस्तू चांगली, पण ती देतं कोण?

या परीक्षणात किमतीचा रकाना रिकामा सोडलाय, कारण बाळंतपणाच्या सामानाची ही पिशवी दुकानात मिळत नाही. पोट दिसायला लागलेल्या गरोदर बाईला ती फुकट देतात. मी ती वापरताना पाहिली बांगलादेशात, कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखियाच्या रोहिंग्या छावण्यांत. तिथे मी नर्स-मिडवाइफ म्हणून कामाला होते. ऑगस्ट 2017 पासून काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांवर माणसं इकडे आली आणि बांबू-ताडपत्रीच्या खोपटांनी टेकड्याच्या टेकड्या भरून गेल्या. दवाखाने नंतर उभे राहिले, बाळंतपणं थोडीच थांबणार होती!

पिशवीत असतं ते असं: मीटरभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद, साबणाची वडी, हातमोज्यांची एक जोडी, निर्जंतुक पातं, नाळ बांधायला दोऱ्या, बाळ पुसून गुंडाळायला दोन फडकी आणि चित्रांचा एक कागद. आपल्याकडे एएनएमच्या, म्हणजे गावच्या सरकारी नर्सच्या, वर्गात ‘पाच स्वच्छता’ घोकून घेतात ना, हात, जागा, पातं, दोरा, नाळ, तेच सगळं इथे एका पिशवीत कोंबलंय. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या आणीबाणीच्या सामान-यादीत हिचा नंबर 2ए. दहा हजार वस्तीला तीन महिन्यांसाठी 200 पिशव्या. त्या तीन महिन्यांत जन्म साधारण शंभरच धरलेले असतात. पण पिशवी दिवस भरायच्या आधीच हातात पडायला हवी, म्हणून दुप्पट.

आता एकेक वस्तू. पात्याला पैकीच्या पैकी. ते नसेल तर घरात काय सापडेल, तर बांबूची चिपाटी नाहीतर नवऱ्याच्या दाढीचं जुनं ब्लेड, आणि मग बाळाला धनुर्वाताची भीती. दोऱ्यांबद्दल तक्रार नाही. साबण मात्र बाळंतपणापर्यंत टिकत नाही, घरात चार पोरं असताना तो टिकावा ही अपेक्षाच चुकीची; दोन वड्या टाका. प्लॅस्टिक सारवलेल्या जमिनीवर सरकतं, शिवाय पावसाळ्यात ते आधीच छपराच्या भोकावर गेलेलं असतं. त्यात मी कुणाला दोष देणार नाही. हातमोजे पुरुषी मापाचे. तिथल्या दायांचे हात बारीक, बोटांची टोकं लोंबतात आणि ओल्या दोरीची गाठ बसत नाही. चित्रातली बाई उताणी झोपलेली, आणि मी पाहिलेल्या बहुतेक जणी उकिडव्या बसून, बांबूचा खांब धरून कळा देणाऱ्या. कागद पाहून एक म्हातारी दाई हसली होती, तेवढा त्याचा उपयोग.

पिशवीत काय नाही, हे जास्त महत्त्वाचं. स्वच्छ पात्याने जंतुसंसर्ग टळतो. रक्तस्राव थांबत नाही आणि वाढलेल्या रक्तदाबाचे झटकेही थांबत नाहीत. बाई जास्त करून त्यातच दगावते. बाळ बाहेर आल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या गिळल्या तर अतिरक्तस्रावाचा धोका कमी होतो. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनसारखा त्यांना फ्रीजही लागत नाही. जुळं आहे का हे आधी बघायचं आणि गोळ्या बाळ झाल्यावरच घ्यायच्या, एवढं नीट शिकवलं तर त्या घरी देता येतात. या पिशवीत त्या नव्हत्या. झटक्यांना मॅग्नेशियम सल्फेट लागतं आणि ते द्यायला दवाखानाच लागतो.

तो दवाखाना रात्री कुठे असतो? टेकडीखाली. मातीच्या पोत्यांच्या पायऱ्या, पावसात त्याही निसरड्या. टमटम विटांच्या रस्त्यापर्यंतच येते. तिथवर बाईला खुर्चीत बसवून, खुर्ची बांबूला बांधून खांद्यावर आणायची. नंदुरबारच्या डोंगरातल्या, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. त्याआधी नवऱ्याचा होकार, सासूचा होकार, कधी ब्लॉकच्या ‘माझी’ला, म्हणजे छावणीतल्या त्या वस्तीच्या म्होरक्याला, उठवणं. घरातून निघतानाच इतका वेळ जातो की पुढचा रस्ता कितीही चांगला करा.

पहिलटकरणींचं तर आणखी कठीण. पाळी सुरू झाली की मुलीचं बाहेर फिरणं जवळजवळ बंद. सोळा-सतरा वर्षांची पोर लग्न होऊन गरोदर राहते आणि तपासणीच्या रांगेत ती दिसतच नाही. तिची पिशवी न्यायला सासू येते, अंगठा उठवते, जाते. आमच्या वहीत एक पिशवी कमी झाली, पोर कुणीच पाहिली नाही.

म्हणून माझे गुण दोन प्रकारचे आहेत. मैदानात रांग लावून वाटलेली पिशवी: पाचपैकी दोन. तीच पिशवी रोहिंग्या स्वयंसेविकेने घरी नेऊन दिली तर साडेचार. वस्तू देण्याच्या निमित्ताने तिला पडद्यामागे जाता येतं. ती पोरीच्या शेजारी बसते, पायाची सूज बघते, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारते, कळा सुरू झाल्यावर कुणाला हाक मारायची हे सासूच्या देखतच ठरवून टाकते. एका घरी तर सासूच म्हणाली, पिशवी राहू दे, आधी हिचं डोकं दुखतंय ते बघ. त्या पोरीचा वाढलेला रक्तदाब दिवसाउजेडी सापडला, म्हणून दिवसाउजेडीच हलवता आलं.

पिशवी वाटल्याने घरच्या बाळंतपणाला उत्तेजन मिळतं, असा आक्षेप शहरी बैठकांत नेहमी येतो. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत मी असते तर मीही तो घेतला असता. तिथे सपाट वाळवंट आहे, लोकसंख्या निधीच्या मदतीने चाललेलं बाळंतपणाचं केंद्र आहे, आणि तिथे दहा हजारांहून जास्त बाळंतपणं होऊनही एकही आई दगावली नसल्याचं निधी सांगतो. तिथे चोवीस तास सुईण आहे. उखियाच्या टेकडीवर रात्री दोन वाजता, पाऊस लागलेला असताना, हा आक्षेप घेणाऱ्याने वर चढून दाखवावं.

देणगी देणाऱ्यांनी किती पिशव्या वाटल्या हे विचारू नये. किती घरांत शिरलात हे विचारावं, आणि त्या स्वयंसेविकेला महिन्याकाठी काय मिळतं तेही. पुढच्या खेपेला गोळ्या घाला, दुसरी साबणवडी घाला. आणि हातमोजे लहान मापाचे.