तूप की शेंगतेल?
खानापूरच्या वहिनींनी विचारलं, "भाऊजी, रोजच्या स्वयंपाकाला तूप बरं की घाण्याचं शेंगतेल?"

मूळ घडण दोन्हींची एकच: ग्लिसरॉल या छोट्या रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं, म्हणजे कार्बनच्या साखळ्या. तुपात निम्म्याहून जास्त मेदाम्लं संपृक्त, म्हणजे कार्बन-कार्बनमध्ये दुहेरी बंध नसलेली, सरळ साखळीची. ती दाटीनं बसतात, म्हणून थंडीत तुपाच्या बरणीत चमचा उभा राहतो. शेंगतेलातल्या बहुतेक साखळ्या दुहेरी बंधापाशी वाकतात, म्हणून ते वाहतं. हवा लागली की खवट होतं तेही त्याच बंधांमुळे.

ऊर्जा सारखीच, ग्रॅमला 9 किलोकॅलरी. कोलेस्टेरॉल मात्र तुपातच. पेशींच्या आवरणाला ते हवंच, पण यकृत ते स्वतः बनवतं.

वहिनी, फोडणीला शेंगतेल, थोडं थोडंच आणा. पुरणपोळीवर तूप. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर तेलच वापरा, तेही बेतानं.