शेऱ्याचा रकाना मी वाचला नाही

सव्वापाच रत्तीचा नीलम, रत्तीला १४,००० रुपये दराने ७३,५००. पंचधातूची अंगठी ३,२००. आणि खडा 'सिद्ध' करण्याचे ११,०००. एकूण ८७,७०० रुपये. सरकारी लेखापरीक्षणात ३१ वर्षे इतरांच्या व्हाउचरवर आक्षेप काढणाऱ्या माणसाने हे पैसे मोजले, आणि तो माणूस मी आहे.

मी अगदीच भोळा नव्हे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये माझी ग्रॅच्युइटी आठ महिने अडकलेली होती, पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, रास कुंभ, आणि शनी २०२३ च्या जानेवारीपासून कुंभेतच असल्याने साडेसातीचा मधला टप्पा चालू होता. एवढे तर पंचांगातही दिसते, म्हणूनच शनीसाठी नीलम घाला हे ज्योतिषांचे सांगणे आणि पुढचे सगळे खरे वाटले. नीलम 'लागतो' की नाही हे पाहण्यासाठी तो तीन रात्री उशीखाली ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रॅच्युइटीचा आदेश निघाला. (त्या आदेशात आणखी चौदा जणांची नावे होती, त्यांच्या उशीखाली काहीही नव्हते, हे मला फार उशिरा सुचले.) दुधात टाकल्यावर निळी झाक दिसली म्हणून आम्ही दोघेही हरखलो, निळी काच टाकली तरी तशीच झाक दिसते.

खड्याबरोबर प्रयोगशाळेचे कार्ड होते. त्यावर नैसर्गिक कोरंडम (नीलम ज्याचा असतो ते खनिज), ४.७८ कॅरेट (म्हणजे तीच सव्वापाच रत्ती), अपवर्तनांक १.७६ असे छापलेले होते आणि ते खोटे नव्हते. मात्र तळाशी, शेऱ्याच्या रकान्यात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की खड्याच्या भेगांमध्ये कोबाल्टने रंगवलेली शिशाची काच भरलेली आहे. आयुष्यभर मी फाइल हातात आली की आधी शेरा वाचला. त्या दिवशी समोर चहा आला, विक्रेत्याने कार्ड उचलून पाकिटात घातले आणि मी ते घालू दिले. वर 'पक्के बिल घेतले तर जीएसटी पडेल' हे ऐकून २०,००० यूपीआयने आणि ६७,७०० रोख दिले. हातात चिठ्ठी मिळाली: 'निळा खडा, १ नग'. पक्के बिल मिळत नसेल तर दुकानातून उठा. तपासणीची प्रयोगशाळा आपण निवडावी, विक्रेत्याने नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात लोणच्यासाठी दोन दिवस लिंबे चिरली, अंगठी हातातच होती. तिसऱ्या दिवशी खड्यावर दह्याच्या कवडीसारखे पांढुरके चरे उमटले. खरा नीलम कडकपणात हिऱ्याखालोखाल, लिंबाने त्याचे काही बिघडत नाही. आतली शिशाची काच मात्र लिंबाच्या आम्लाने झिजते. ज्योतिषी म्हणाले, 'तुमच्यावरचे संकट खड्याने अंगावर घेतले, आता दुसरा घ्यावा लागेल.' ओळखीच्या सराफाने भिंगातून पाहून सांगितले की असा माल दीडशे-दोनशे रुपये रत्तीने मिळतो.

पोलीस ठाण्यात पाच खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्यांदा 'अर्ज ठेवून जा', तिसऱ्यांदा अर्जच सापडेना. चौथ्यांदा मला ऐकवण्यात आले की आता ४२० राहिलेले नाही, न्याय संहितेचे कलम ३१८ आहे, आणि तुमचे प्रकरण दोन्हींत बसत नाही कारण ते दिवाणी आहे. पाचव्यांदा हवालदारांनी, ज्यांच्या तर्जनीत पुष्कराज होता, 'काका, तुम्हाला गुण आला होता ना?' असे विचारले. ग्राहकांच्या १९१५ क्रमांकावर नम्रपणे बिल मागितले गेले. बिल असते तर एवढी वणवण कशाला केली असती?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, पण दोन वर्षांच्या आत जावे लागते, म्हणून लाजेपोटी घरी बसू नका. आतापर्यंत चार तारखा पडल्या. समोरच्या पक्षाने लेखी म्हणणे दिले आहे: काच भरल्याचे कार्डावर स्पष्ट नमूद होते, तक्रारदार स्वतः निवृत्त लेखापरीक्षक आहेत, सबब त्यांनी शेरा वाचला नाही हे पटण्याजोगे नाही.