परदेशी रुग्ण: त्याच रांगेत की रांगेच्या शेवटी?

मृत दात्याचा अवयव परदेशातून आलेल्या श्रीमंत रुग्णाला द्यायचा का? द्यावा म्हणणारे दोन पद्धती सांगतात.

पहिली म्हणजे एकच रांग. नागरिकत्व न बघता आजाराची तीव्रता बघायची. ऐकायला न्याय्य वाटतं. अमेरिकेत हीच पद्धत, फक्त बराच काळ तिला ५ टक्क्यांचा निकष होता. एखाद्या प्रत्यारोपण केंद्रात मृत दात्याचा अवयव मिळालेल्यांत परदेशी रुग्ण त्याहून जास्त झाले की चौकशी व्हायची. पण मुळात त्या रांगेत नाव लागायलाच पैसा लागतो. विमान, महिनोन्महिने मुक्काम, आगाऊ रक्कम! त्याच आजाराचा गरीब परदेशी तिथवर पोचतच नाही.

दुसरी पद्धत: आधी देशातले रुग्ण, कोणीच जुळलं नाही तर परदेशी. मला हीच पटते. अवयव देतो समाज, मग पहिला हक्क त्याचाच. पण हिची खरी परीक्षा मध्यरात्री होते. काढलेलं हृदय साधारण ४ ते ६ तासच टिकतं. यादीतल्या माणसाला फोन लागत नाही, दुसऱ्याला ताप आहे, तिसरा दूरच्या गावी. आणि परदेशी रुग्ण मात्र त्याच इमारतीत, तयार. ‘कोणी जुळलं नाही’ हे जो रुग्णालयवाला लिहितो, बिलही तोच लावतो. तो शेरा बाहेरच्या यंत्रणेनेच द्यायला हवा.

नातेवाईक दाता सोबत आणणाऱ्याची गोष्ट निराळी, तो कोणाचा नंबर खात नाही. तिथे तपासायचं ते नातं. २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याचा रोख अवयवांच्या खरेदी-विक्रीवर आहेच, शिवाय बाहेरच्यांमुळे स्थानिकांची सेवा आटू नये यावरही.