साउथ बँक की म्युझियम्सउफर? एकच दिवस हातात असेल तर

लंडनची साउथ बँक आणि फ्रँकफर्टचं म्युझियम्सउफर (म्हणजे म्युझियमांचा काठ), दोन्ही आपापल्या नदीच्या दक्षिण काठावर, पण दिवस घालवायची रीत एकदम वेगळी. त्यामुळे आधी ठरवा की तुम्हाला भटकायचंय की चित्रं बघायचीयत.

भटकायचं असेल तर डोळे झाकून साउथ बँक. १९५१ च्या रॉयल फेस्टिव्हल हॉल या संगीत सभागृहापासून काठाकाठानं टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या म्युझियमकडे चालत सुटायचं, वाटेत वॉटर्लू ब्रिजखाली जुन्या पुस्तकांची टेबलं, क्वीन एलिझाबेथ हॉलच्या खाली स्केटबोर्डवाली पोरं, आणि यातल्या कशालाच तिकीट नाही. नॅशनल थिएटरचं काँक्रीट बऱ्याच जणांना रुक्ष वाटतं, पण प्लीज भिंतीजवळ जाऊन बघा, ओतकामाच्या फळ्यांच्या लाकडी रेषा त्यावर जशाच्या तशा उमटल्यात, हात फिरवला की लागतात. टेटचं कायमचं कलेक्शनही फुकट, म्हणजे अर्ध्या तासात कंटाळून बाहेर आलात तरी हळहळ नाही. उन्हाळ्यात ग्लोबला, म्हणजे शेक्सपिअरच्या उघड्या थिएटरात, उभं राहून नाटक बघायचं तिकीट बरंच स्वस्त असतं, फक्त डोक्यावर छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा रेनकोट हवाच. वीकेंडला गर्दी मात्र जाम.

म्युझियम्सउफरला नुसतं काठानं चाललात तर झाडं, बाकं आणि समोरच्या उंच बिल्डिंगा, बस्स. मजा आत आहे. माझं मत विचाराल तर एकट्या श्टेडल या चित्रांच्या म्युझियमसाठीसुद्धा जावं. डच चित्रकार व्हर्मीरचा १६६९ चा ‘भूगोलतज्ज्ञ’ तिथे आहे, हातात कर्कटक, काम मधेच थांबवून खिडकीकडे बघणारा, छोटंसं चित्र आहे पण पाय निघत नाही. मागच्या हिरवळीत १९५ गोल काचा बसवल्यात, त्यांच्याखाली जमिनीच्या पोटात २०१२ साली उघडलेलं नव्या कलेचं दालन, आणि वरचा उजेड थेट आत येतो. शेजारीच फिल्म आणि आर्किटेक्चरची म्युझियम्स. दोन दिवसांचं एकत्र तिकीट मिळतं, तीन-चार ठिकाणी जाणार असाल तर तेच घ्या. सोमवारी बरीचशी बंद, तेव्हा तो वार टाळाच.

लहान मुलं सोबत असतील तर लंडन, त्यांना पळायला जागा आहे. संध्याकाळही लंडनचीच, कारण फ्रँकफर्टला म्युझियम्स बंद झाली की काठावर फारसं काही उरत नाही, फक्त ऑगस्टच्या शेवटच्या वीकेंडला मोठा फेस्टिव्हल असतो, तेव्हा रात्रीपर्यंत धमाल. पण एका चित्रासमोर निवांत उभं राहायला आवडत असेल तर फ्रँकफर्टच घ्या, आणि गुरुवार साधला तर उत्तम, श्टेडल त्या दिवशी रात्रीपर्यंत उघडं असतं.