मेघालय केव्हिंगच्या नावाखाली आमच्या ग्रुपची फसवणूक, बुकिंग करण्याआधी वाचा

फेब्रुवारीत पुण्याहून आमचा ट्रेकिंगचा ग्रुप मेघालयला गेला होता, खास केव्हिंगसाठी, म्हणजे गुहांमध्ये आत शिरून फिरण्यासाठी. आयोजकाचं नाव इथे लिहित नाही कारण तक्रार चालू आहे, पण त्याने काय केलं ते सगळं सांगते म्हणजे तुम्हाला ओळखता येईल.

जाहिरातीत फोटो होते क्रेम लियात प्राहचे (क्रेम म्हणजे गुहा). ही जैंतिया हिल्समधली गुहा, 30 किलोमीटरच्या वर लांब. प्लॅनमध्ये लिहिलं होतं की दोन दिवस खरं केव्हिंग, सोहऱ्याजवळची (सोहरा म्हणजे चेरापुंजी) क्रेम मॉम्लूह नक्की, हेल्मेट, हेडलॅम्प, अनुभवी गाइड, विमा सगळं पॅकेजमध्ये. माणशी 28,000, विमान वेगळं. पैसे मात्र कंपनीच्या खात्यात नाही, एका माणसाच्या पर्सनल यूपीआयवर, आणि बिल मागितलं की "ट्रिपनंतर देतो ताई".

शिलाँगला पोचल्यावर सुरू झालं. आधी परमिटचे म्हणून प्रत्येकी 2,500 कॅश घेतले, पावती नाही. मग सोहऱ्याला नेऊन आम्हाला उतरवलं मॉसमाईला. मॉसमाई छान आहे, वाईट नाही, पण ती तिकीट काढून बघायची टुरिस्ट गुहा आहे, जेमतेम दीडशे मीटर, आत विजेचे दिवे, लहान मुलं आजी-आजोबा सगळे रांगेत चाललेले. पंधरा मिनिटात बाहेर. आणि आयोजक म्हणतो हेच केव्हिंग, मॉम्लूहमध्ये पाणी वाढलंय. फेब्रुवारीत! तिकडे केव्हिंगचा सीझनच मुळी डिसेंबर ते मार्च असतो, कारण तेव्हा कोरडं असतं, पावसाळ्यात त्या गुहा पाण्याने भरतात.

आम्ही अडून बसलो तेव्हा दुसऱ्या दिवशी मॉम्लूहच्या गावात नेलं. मला या गुहेचं खूप आकर्षण होतं, कारण तिथल्याच लवणस्तंभावरून (गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातल्या क्षारांचा खांब) पृथ्वीच्या इतिहासातल्या 4,200 वर्षांपूर्वीपासूनच्या काळाला 2018 मध्ये मेघालयन हे नाव मिळालंय. सात किलोमीटरच्या आसपास लांबी, आत जायचं तर पाण्यातून, चिखलातून, काही ठिकाणी रांगत. तिथला खासी गाइड आला, त्याने एकेकाचं सामान बघितलं. हेल्मेट एकही नाही. आयोजकाने पिशवीतून काढल्या त्या बाजारातल्या प्लॅस्टिकच्या टॉर्च, तिघात एक, त्यातली एक हातात घेऊन गाइडने दोनदा आपटली तेव्हा पेटली. केव्हिंगमध्ये माणशी तीन दिवे लागतात, एक बंद पडला तर दुसरा, तोही गेला तर तिसरा. गाइडने सरळ सांगितलं, नेणार नाही. वर हेही कळलं की त्याला बुकिंगचा फोन आदल्या रात्री आला होता, ॲडव्हान्स नाही काही नाही, आणि परमिटचे म्हणून घेतलेले पैसे गावात कोणाला दिलेच नव्हते. मला त्या गाइडचे खरंच आभार मानायचे आहेत, कारण आमच्यात दोघीजणी पहिल्यांदाच गुहेत जाणार होत्या आणि आत अंधारात टॉर्च गेली असती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

विम्याचं परत आल्यावर विचारलं, पॉलिसी नंबर आजपर्यंत आलेला नाही.

तुम्ही जाणार असाल तर गुहेचं नाव लेखी घ्या, नुसतं "केव्हिंग" चालणार नाही, त्यात मॉसमाईसुद्धा बसते. लोकल गाइडशी पैसे भरण्याआधी स्वतः फोनवर बोला. प्रत्येकाच्या नावाची विमा पॉलिसी निघण्याआधी हातात पाहिजे. पूर्ण पैसे आधी देऊ नका.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आता ग्राहक आयोगात जातोय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगात केस टाकता येते, मेघालयला जावं लागत नाही. याच आयोजकाकडे कोणी पुढच्या बॅचचे पैसे भरले असतील तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि यूपीआयचे व्यवहार आत्ताच सेव्ह करा, आमच्या ग्रुपमधून त्याने सगळे मेसेज डिलीट केलेत.