ओल मोजायचं मीटर आणि डिह्युमिडिफायर : घरातल्या गळतीनंतर काही महिने वापरून

बाथरूमच्या भिंतीतल्या पाइपचा जोड सुटला आणि पाणी बेडरूमभर पसरलं. त्या धावपळीत मी दोन वस्तू घेतल्या : दोन पिनांचं ओल मोजायचं साधं मीटर आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं, कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र. आता काही महिने उलटलेत. भिंती रंगवून झाल्यात, विम्याचे बरेचसे पैसे हातात आलेत आणि दोन्ही वस्तूंचे गुणदोष नीट कळलेत. घर सुकवलं ते यंत्राने. पण कंत्राटदार आणि विमा कंपनी या दोघांसमोर माझी बाजू उभी राहिली ती त्या छोट्याशा मीटरमुळे, म्हणून आधी त्याच्याविषयी.

मीटरच्या दोन पिना लाकडात किंवा गिलाव्यात टोचायच्या. त्यांच्यामधून जाणाऱ्या विजेला किती विरोध होतो यावरून मीटर ओल सांगतं. पाणी जास्त असेल तर विरोध कमी आणि आकडा मोठा. हे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. लाकडावर १२ आलं तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी आहे असं समजायचं. गिलाव्यावर १२ म्हणजे १२ टक्के ओल नव्हे. तिथे आकडा फक्त तुलनेपुरता. दुकानदार हे सांगत नाहीत आणि माहितीपत्रकातही ते बारीक अक्षरांत कुठेतरी असतं. म्हणून पहिल्यांदा पाणी न पोचलेल्या खोलीत, तशाच गिलाव्याच्या भिंतीवर मोजून घ्यावं. माझ्याकडे तिथे ९ ते १० येत होतं. तोच माझा कोरडेपणाचा आकडा ठरला. ओल्या भिंतीच्या तळाशी मीटर सरळ टोकाला जात होतं.

मग स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीच्या वर चार बोटं, त्यावर वीतभर, त्यावर हातभर अशा उंचीवर पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि प्रत्येक फुलीला क्रमांक दिला. रोज ठरलेल्या वेळी त्याच फुल्यांजवळ मोजायचं, आकडा वहीत लिहायचा आणि मीटरचा पडदा व फुली दोन्ही दिसतील असा फोटो काढायचा. काही दिवसांतच चित्र उलगडायला लागलं. पाणी भिंतीत खालून वर चढतं, त्यामुळे वरची फुली आधी सुकते आणि तळाची सगळ्यात शेवटी. एक जागा मात्र या क्रमात बसेना. कपाटामागे कमरेच्या उंचीवर आकडा खालच्यापेक्षा मोठा येत होता. तिथेच गळका जोड होता. प्लंबरने आधी दुसरीकडे फोडायची तयारी केली होती, वही दाखवल्यावर तो हातोडा घेऊन कपाटाकडे वळला.

आता कंत्राटदार. पहिला आला तेव्हा भिंत वरून सुकली होती. त्याने तळवा भिंतीवर टेकवला आणि म्हणाला, "हात लावून बघा की, ठणठणीत कोरडी आहे. उद्या पुट्टी मारतो, परवा प्रायमर." मी त्याच्यासमोर तळाच्या फुलीजवळ पिना टोचल्या. आकडा आला १९. तो म्हणाला, असली मशिनं काहीही दाखवतात. मग शेजारच्या कोरड्या खोलीत नेऊन तिथे ९ दाखवलं तेव्हा गप्प झाला, पण पुट्टीचा हट्ट काही सोडेना. त्याला काम दिलं नाही. पंख्याच्या वाऱ्याने पृष्ठभाग झटकन सुकतो, आतली वीट आणि गिलावा ओलाच राहतो. त्यावर पुट्टी आणि रंग चढवला की आतली ओल बाहेर पडायला वाट शोधते, आधी फुगवटे येतात, मग पोपडे सुटतात. वाईट म्हणजे तोवर क्लेम बंद झालेला असतो.

दुसऱ्या कंत्राटदाराने आल्या आल्या विचारलं की पाणी कुठून आलं. हा प्रश्न विचारणारा माणूस कामाचा, हे माझं ठाम मत झालंय. पाण्याने झालेल्या नुकसानीच्या कामासाठी आयआयसीआरसी या अशा कामांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं 'एस५००' नावाचं मानक आहे. त्यात पाण्याचे तीन वर्ग केलेत : पहिला नळाचं स्वच्छ पाणी, दुसरा वॉशिंग मशीनमधून वगैरे येणारं अस्वच्छ पाणी, तिसरा सांडपाणी किंवा पुराचं पाणी. आणि वर्ग कायम राहत नाही. नळाचं पाणी जमिनीवरची घाण, गाद्या, गालिचे यांतून जात साचून राहिलं की ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गात जातं. तिसऱ्या वर्गाचं पाणी लागलेल्या गाद्या, उशा, गालिच्याखालचा फोम वाळवत बसू नये, फेकाव्यात. वाळवल्याने जंतू जात नाहीत. आमचं पाणी नळाचं होतं आणि लवकर उपसलं गेलं, त्यामुळे बरंच काही वाचलं.

वेळेबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला असा की भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत सुकल्या तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. विटेची भिंत तेवढ्या वेळात सुकणं अशक्य, पण कपडे, पडदे, कपाटाची पाठ, गालिचा यांच्यासाठी ही मुदत खरी आहे. भिजलेले महत्त्वाचे कागद तेवढ्यात वाळणार नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. गोठले की खराब होणं थांबतं आणि सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात. माझी जुनी प्रमाणपत्रं अशीच टिकली.

बुरशी दिसलीच तर तिच्यावर रंग मारू नका, आणि नुसतं ब्लीच मारून "मेली" असं कोणी म्हटलं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी आणू शकते, ती घासून काढून टाकावीच लागते. गिलाव्यासारख्या कठीण पृष्ठभागावरून ती निघते. कपाटाच्या फुगलेल्या एमडीएफमधून (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीतून) निघत नाही. आमच्या कपाटाच्या प्लायवुडच्या बाजू वाचल्या, एमडीएफची पाठ आणि तळ फुगून भुसा झाला. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगले की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत, सुतार कितीही दाबून बसवतो म्हणाला तरी.

आता डिह्युमिडिफायर. खोक्यावर "दिवसाला इतके लिटर" लिहिलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेतला असतो. खोली सुकत गेली की उपसा त्याच्या निम्म्यावरही येतो. याने निराश होऊ नये, यंत्र बिघडलेलं नसतं. सुरुवातीला टाकी इतक्या लवकर भरायची की शेवटी नळी जोडून पाणी थेट मोरीत सोडलं. मग एक वेळ अशी आली की टाकीत जेमतेम तळ झाकेल एवढं पाणी जमायला लागलं. घरातले सगळे म्हणाले, झालं, बंद करा. मीटर मात्र तळाच्या फुलीवर अजून १६ दाखवत होतं. मोकळं पाणी लवकर निघतं, विटेच्या आणि गिलाव्याच्या बारीक छिद्रांतलं हळूहळू झिरपत बाहेर येतं. सुकवण्याचा सगळ्यात लांबलेला भाग हाच आणि बहुतेक जण यंत्र बंद करतात ते याच वेळी.

वापरताना दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर बाहेरची हवाच सुकवत बसतो. उबदार हवा जास्त बाष्प धरते : २० अंशाला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम. यंत्र स्वतःच खोली थोडी तापवतं, ते या कामी उपयोगीच पडतं. थंड खोलीत कॉम्प्रेसरच्या यंत्राच्या नळ्यांवर बर्फ धरतो, तिथे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं डेसिकंट यंत्र घ्यावं. सोबत पंखा हवाच, तोही भिंतीला तिरका वारा लागेल असा. आणि एक वेगळं आर्द्रतामापक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावं, कारण यंत्रावरचा आकडा यंत्राच्या तोंडाजवळच्या हवेचा असतो. लाकडी दारं मात्र एकदम सुकवू नयेत, तडकतात. आवाज खूप आहे, त्या खोलीत झोप लागत नाही. गाळणी धुतली नाही तर उपसा लगेच घटतो.

मीटरच्या तक्रारीही सांगते. गिलाव्यावर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, आला असेल तर ते क्षार विजेला वाट देतात आणि सुकलेली भिंतही ओली दिसते. आमच्या एका कोपऱ्यात आकडा १४ वर अडून बसला होता. दुसऱ्या कंत्राटदाराने लोणा कोरड्या ब्रशने झाडला, वरचा गिलावा थोडा खरवडला आणि आत मोजलं तर १०. कोपऱ्यातल्या लोखंडी पट्टीजवळही आकडे भलतेच येतात. पिनांची बारीक भोकं राहतात. टाइलवर हे मीटर निरुपयोगी आहे, तिथे पिना नसलेलं, पृष्ठभागाला टेकवून वापरायचं मीटर लागतं.

विम्याच्या कामात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर त्या वहीचा. घराच्या बहुतेक पॉलिसींमध्ये अचानक झालेल्या गळतीचं नुकसान मिळतं, दीर्घकाळ झिरपून झालेलं मिळत नाही. सगळा वाद तिथेच होतो. नुकसान पाहायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पहिल्याच भेटीत विचारलं, "ही ओल जुनी तर नाही?" प्लंबरने कापलेला पाइपचा तुकडा मी तारीख लिहून पिशवीत जपून ठेवला होता. जोडाची फट ताजी होती, गंज किंवा क्षारांचा थर नव्हता. सोबत पहिल्या दिवसापासूनचे आकडे : टोकापासून सुरू होऊन सावकाश उतरत गेलेले. जुनी झिरप असती तर जोड गळत असेपर्यंत आकडा एका पातळीवर रेंगाळला असता. पाइप बदलल्यावर तो उतरतोय म्हणजे पाणी त्याच पाइपचं, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि पुढचं बोलणं रकमेवर आलं.

कंपनीचा माणूस येईपर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवायचं, असं मला शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. ते बरोबर नाही. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसी घेणाऱ्याची जबाबदारी असते. पाणी उपसा, मेन स्विच बंद करा, वाळवायला सुरुवात करा. पण त्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, आणि "आम्ही आज सुकवायचं काम सुरू करतोय, पाहायचं असेल तर कळवा" असा ईमेल पाठवून ठेवा. फेकायच्या वस्तू सर्व्हेअरने पाहीपर्यंत एका बाजूला रचून ठेवा. आमची फुगलेली पाठ-फळी गॅलरीत उभी होती म्हणूनच ती यादीत आली.

सर्व्हेअरच्या पहिल्या अंदाजात कपाटामागची भिंत नव्हतीच. कपाट जागेवर असताना ती दिसत नाही. त्या भिंतीवरच्या फुल्यांचे आकडे आणि फोटो जोडून लेखी विनंती केली, तेव्हा ती धरली गेली. फोनवर बोलून काही हलत नाही, लेखी दिलं की उत्तर द्यावं लागतं. काही गोष्टी मात्र मिळाल्या नाहीत. फुटलेल्या पाइपची स्वतःची किंमत नाही, कारण पॉलिसी पाण्याने झालेल्या नुकसानीची होती. गळती शोधायला फोडलेल्या भिंतीचा खर्च मिळाला, कारण तसं कलम होतं. सगळ्या पॉलिसींत ते नसतं, आधी वाचून घ्या. कपाटावर घसारा लावला, म्हणजे ते जुनं म्हणून किमतीतून काही रक्कम कापली. आणि घरातल्या सामानाचा विमा खऱ्या किमतीच्या निम्म्याचाच असेल आणि पॉलिसीत सरासरीचं कलम असेल तर नुकसानीचीही निम्मीच रक्कम मिळते, हे अनेकांना क्लेमच्या वेळी पहिल्यांदा कळतं.

कंत्राटदाराच्या कागदांबाबत दोनच गोष्टी. क्लेमचे हक्क किंवा पैसे थेट त्याच्या नावावर करणारा कागद सहीसाठी पुढे केला तर तो नीट वाचल्याशिवाय हात लावू नका. आणि "काम समाधानकारक झालं" ही सही रंगाचा वास गेल्यावर नव्हे, शेवटचे आकडे कोरड्या खोलीच्या आकड्यांना लागल्यावर करा. आमच्या दुसऱ्या कंत्राटदाराने स्वतःच वहीत शेवटचे आकडे लिहून खाली सही केली. यंत्रं किती दिवस चालली त्याचं बिलही त्या तारखांशी जुळलं, त्यामुळे विमा कंपनीने त्यात काही कापलं नाही.

आता मीटर महिन्यातून एकदा बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर आणि सिंकखाली लावून बघते. भिंत १० वर स्थिर आहे, रंग कुठे फुगलेला नाही. डिह्युमिडिफायर हवा दमट झाली की चालवते, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशीची धास्ती कमी. कपाटावर लावलेला घसारा जास्त आहे असं माझं म्हणणं आहे. खरेदीची पावती आणि सुताराचं लेखी मत जोडून अर्ज दिलाय, त्याचं उत्तर अजून यायचंय.