लिटरला १०६ मीटर : ४७ मीटरच्या मोटर यॉटवरचे नऊ महिने

मी एका मोटर यॉटवर, म्हणजे श्रीमंतांच्या इंजिनावर चालणाऱ्या खासगी बोटीवर, नोकरी करतो. सुट्टीवर नागपुरात मानेवाड्याला घरी आलो की तिच्याबद्दलचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "कितीची आहे?" दुसरा, "अ‍ॅव्हरेज किती देते?" पहिल्याचं उत्तर मी देत नाही, करारात तोंड बंद ठेवायचं कलम आहे. दुसऱ्याचं या वेळी हिशेब करूनच आणलं होतं. एका लिटरला १०६ मीटर. मावसभाऊ हसत सुटला. "म्हणजे बे, गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत एक लिटर?" साधारण तेवढंच.

काका हसले नाहीत. नागपूरजवळच्या वाडीला त्यांचे चार-पाच ट्रक उभे असतात, डिझेलशी त्यांचं तीस वर्षांचं भांडण आहे. त्यांनी विचारलं, "भरल्या गाडीचा सांगून राहिला का रिकाम्या? अन् वेग किती धरला?"

नऊ महिन्यांत बोटीवर आलेल्या एकाही पाहुण्याने हे विचारलं नव्हतं. मोठ्या मोटर यॉटची मजल, म्हणजे एका भरण्यात कापता येणारं अंतर, किती, ती खरंच महासागर पार करते का, यावर इंटरनेटवर जे वाचायला मिळतं त्यातलं निम्मं या एका प्रश्नापाशी गळून पडतं. म्हणून लिहितोय.

आधी बोट. लांबी ४७ मीटर, खाली पोलादी, वरचे मजले अ‍ॅल्युमिनियमचे, वय आठ वर्षं. दोन डिझेल इंजिनं, दोन जनरेटर, इंधनाच्या टाक्या ६४,००० लिटरच्या. मी मालवाहू जहाजांवर अकरा वर्षं काढून गेल्या सप्टेंबरात इथे सेकंड इंजिनियर म्हणून चढलो. कंपनीच्या गुळगुळीत पुस्तिकेत एकच ओळ ठळक छापलेली : मजल ४,५०० सागरी मैल, १२ नॉट वेगाने. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

ती ओळ खोटी नाही. फक्त ती रिकाम्या गाडीची आहे.

नागपुरात ज्याने मे महिन्यात कूलर चालवला आहे त्याला हे लगेच कळेल. टाकीत पाणी दिसत असतं आणि पंप कोरडा घुंघुं करत असतो, कारण तळातलं दोन बोटं पाणी त्याला ओढताच येत नाही. बोटीचं तसंच. डिझेल उन्हाने फुगतं म्हणून टाक्या काठोकाठ भरायच्या नसतात, ९५ टक्क्यांवर थांबायचं. म्हणजे ६०,८०० लिटर. तळातले दोनेक हजार लिटर पाइपाच्या तोंडापर्यंत पोचतच नाहीत, आणि बोट हलायला लागली की पंप तिथे हवा ओढतो. उरले ५८,८००. त्यातले १५ टक्के राखीव, त्यांना हात लावायचा नाही असा आमच्या कॅप्टनचा नियम. खर्चायला हातात आले ५०,०००.

आता खर्च. पुस्तिकेच्या हिशेबाने मैलाला १४ लिटरच्या आसपास पडतात. पण ती चाचणी नव्या बोटीची, स्वच्छ बुडाची, अर्ध्या वजनाची, ताटातल्यासारख्या सपाट पाण्यातली, आणि त्यात जनरेटर धरलेलाच नाही. आमचा एक जनरेटर चोवीस तास चालतो. एसी, फ्रीज, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, सगळं त्याच्यावर. उष्ण कटिबंधात तो एकटाच तासाला २५ लिटर पितो, बोट जागेवर उभी असली तरी. हे सगळं धरून १२ नॉटला मैलामागे साडेसतरा लिटर जातात. म्हणजेच लिटरला १०६ मीटर, आणि खरी मजल सुमारे २,८५० मैल.

काकांना मी पुढचं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. १४ नॉट धरले तर मैलाला २५ लिटर, मजल २,००० वर येते. १० नॉटला १३ लिटर, आणि मजल जाते ३,८०० पर्यंत. तीच बोट, तेवढंच डिझेल, फक्त वेगाचा दांडा किती पुढे ढकलला एवढाच फरक.

कारण असं की पाण्यात बसून चालणाऱ्या बोटीला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. बोट स्वतःच समोर एक लाट उभी करते आणि वेग वाढला की त्याच लाटेवर चढायला बघते. पाणरेषेची, म्हणजे पाण्याच्या पातळीवर बोट जेवढी लांब असते तिची, लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की तिची नैसर्गिक वेगमर्यादा नॉटमध्ये येते. आमची पाणरेषा १३८ फूट, म्हणजे पावणेसोळा नॉट. त्या जवळ जायचं म्हणजे घाटात टॉप गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहणं. आवाज वाढतो, धूर वाढतो, किलोमीटर वाढत नाहीत.

नोव्हेंबरअखेर आम्ही कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुसियाला निघालो. अटलांटिकच्या त्या बाजूला चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि विमा कंपन्या सहसा त्याच्या आत बोट तिकडे नेऊ देत नाहीत. सरळ अंतर २,७०० मैलांच्या आसपास, म्हणजे ५,००० किलोमीटर. नागपूरहून समृद्धीने मुंबई ७०१ किलोमीटर. असे सात समृद्धी एका टाकीत, मध्ये एकही पंप नाही. टोल नाही, ही एकच सवलत.

वेग ठरला ११ नॉट. वारा पाठीमागून, लाटा पाठीमागून. आम्ही २,७४० मैल चाललो, १० दिवस ९ तास लागले, ४२,३०० लिटर जळले. पोचलो तेव्हा टाक्यांत १८,५०० लिटर होते. कागदावर अगदी सुखाचा प्रवास.

प्रत्यक्षात चौथ्या रात्री पावणेतीनला अलार्म झाला. डाव्या इंजिनाच्या इंधन फिल्टरवर दाब चढत होता. आदल्या एका बंदरात घेतलेलं डिझेल गढूळ होतं. नमुन्याच्या बाटलीत ते नीट दिसलं नाही, पण तीन दिवस बोट डोलल्यावर टाकीच्या तळाचा सगळा गाळ ढवळून वर आला. फिल्टर जोडीने असतात, एकावर चालवून दुसरा बदलता येतो. एरवी एक फिल्टर आठवडाभर सहज चालायचा, त्या रात्री दर चाळीस मिनिटांनी बदलत होतो. सेपरेटर, म्हणजे डिझेलमधला गाळ आणि पाणी वेगळं काढणारं यंत्र, पूर्णवेळ लावला, टाकीतलं डिझेल त्यातून फिरवत राहिलो, तेव्हा दीड दिवसाने निवळलं. आमच्याकडे ४८ फिल्टर होते, पलीकडे पोचताना ११ उरले. त्यामुळे माझ्या हिशेबी महासागरातली मजल लिटरमध्ये मोजण्याआधी फिल्टरमध्ये मोजावी. मालवाहू जहाजावर याचं एवढं काही वाटलं नसतं, तिथे इंजिन रूममध्ये हिंडायला जागा असते. इथे पाहुण्यांच्या पोहण्याच्या ओट्यासाठी आमची दोन मीटर जागा कापली आहे, आणि फिल्टर बदलायला आडवं पडावं लागतं. ही माझी या बोटीवरची सगळ्यात मोठी तक्रार.

दुसरी तक्रार टाकीच्या काट्यांची. पडद्यावर सुंदर आकडे येतात, पण बोट एका अंगाला दोन अंश कलली की हजार-दीड हजार लिटर इकडचे तिकडे. मी रोज सकाळी टेप सोडून टाक्या मोजायचो. काका म्हणाले, "आमचे ड्रायव्हरही काठीच टाकतेत." अगदी तेच.

टाक्या रिकाम्या करायचाही क्रम असतो. निघताना ५० टनांहून जास्त डिझेल पोटात होतं, पूर्ण बोटीच्या वजनाचा दहावा हिस्सा. सगळ्या टाक्यांतून थोडं थोडं घेतलं तर सगळ्याच अर्धवट राहतात, आतलं डिझेल हिंदकळतं आणि बोटीचा तोल सैल होतो. अर्धा भरलेला टँकर वळणावर का उलटतो ते ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून डावी-उजवी जोडी धरून एक जोडी संपवायची, मग पुढची.

स्टॅबिलायझर, म्हणजे बुडाच्या दोन्ही बाजूंचे हलते पंख, यांचं मी कौतुकच करेन. थोडा वेग खातात, पण ते नसते तर स्वयंपाकघरात कोणी उभं राहिलं नसतं. सातव्या दिवशी उजव्या पंखाचं हायड्रॉलिक तेल गळायला लागलं, तो मधोमध बांधून टाकला आणि उरलेला प्रवास एका पंखावर काढला. त्या तीन दिवसांत माझ्या सावजी मसाल्याच्या डब्याने जे काही केलं, त्याचा वास अजून केबिनच्या गालिच्यात आहे.

परतीचा प्रवास एप्रिलअखेर, अँटिग्वाहून अझोर्स बेटांवरच्या होर्टाला, सुमारे २,२०० मैल. अंतर कमी, पण सुरुवातीचे पाच दिवस वारा तोंडावर. इंजिनाचे फेरे ११ नॉटचे आणि चाल साडेनऊची. शिवाय पाच महिने कोमट पाण्यात उभं राहून बुडाला शेवाळ आणि बारीक शिंपले धरले होते. त्या पाच दिवसांत मैलाला २० लिटर गेले. होर्टाच्या धक्क्यावर प्रत्येक बोट आपलं चित्र रंगवून जाते, नाही रंगवलं तर प्रवास धड होत नाही म्हणतात. आमच्या चित्रात मी कोपऱ्यात एक संत्रं काढून आलो.

आता एक गोष्ट, जी घेणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. बोट मोठी म्हणजे ती समुद्र ओलांडणार, असं मुळीच नाही. १९६३ मध्ये अमेरिकी नौदलातले निवृत्त अधिकारी रॉबर्ट बीबी यांनी सिंगापुरात अवघ्या ५० फुटांची मोटरबोट बांधून घेतली आणि ती ग्रीसपर्यंत नेली. नॉर्डहॅवन कंपनीची ४० फुटी बोट २००१-०२ मध्ये जगाला फेरी मारून आली. २००४ मध्ये याच कंपनीने भरवलेल्या ताफ्यातल्या १८ बोटींनी मिळून फ्लोरिडाहून बर्म्युडा आणि अझोर्समार्गे जिब्राल्टर गाठलं. या सगळ्या जड, गोलसर पोटाच्या, सावकाश चालणाऱ्या. उलट आमच्या शेजारी धक्क्याला एक ४० मीटरची देखणी बोट होती, पाण्यावर उचलून पळणारी, २५ नॉटवाली. तिच्या इंजिनियरने सांगितलं, त्या वेगात ४०० मैलांवर टाकी संपते. अटलांटिकपार ती दुसऱ्या जहाजाच्या पाठीवर बसून आली होती.

खरंच तशी जहाजं असतात. स्वतःत पाणी भरून अर्धी बुडतात, यॉट तरंगत त्यांच्या डेकवर येतात, मग पाणी उपसून जहाज वर येतं आणि पंधरा-वीस यॉट कोरड्यात घेऊन निघतं. आम्हा इंजिनियरांना यात कमीपणा वाटतो, पण इंजिनाचे अडीचशे तास वाचतात, हे मी नाकारणार नाही. आणि आमचा मालक तरी कुठे बोटीवर असतो? तो विमानाने आठ-नऊ तासांत पोचतो. ज्याच्यासाठी ४,५०० मैलांची मजल विकत घेतली, त्याने एका दमात २०० मैलांच्या वर बोटीतून प्रवास केलेला मी पाहिला नाही.

तरीही बोट मला आवडली, हे प्रामाणिकपणे लिहितो. दोन्ही वेळा अटलांटिक पार करताना इंजिनं एकदाही बंद पडली नाहीत. १० ते ११ नॉटमध्ये तिची चाल बैलगाडीसारखी निवांत असते, रात्रीच्या वॉचला इंजिनाचा सूर कानात इतका बसतो की सुट्टीत घरी झोप लागत नाही. चार्टरने, म्हणजे भाड्याने, घेणार असाल, किंवा अशा बोटीवर नोकरीला जाणार असाल, तर मजलेचा आकडा ऐकून घ्या आणि मग काकांचा प्रश्न विचारा. समोरच्याकडे नॉट, जनरेटर आणि राखीव यांची उत्तरं तयार नसतील तर त्याने तो आकडा पुस्तिकेतून वाचला आहे.

परवा कॅप्टनचा मेल आला. मालकाच्या मनात पुढच्या वर्षी पॅसिफिक आहे. पनामा, गॅलापागोस, तिथून मार्केसास बेटं. शेवटचा टप्पा ३,००० मैलांचा, मध्ये काहीच नाही. त्याला १२ नॉट हवे आहेत.

मी काकांसमोरच हिशेब मांडला. १२ नॉटला ५२,५०० लिटर, हातात ५०,०००. १० नॉटला ३९,०००. उत्तरात तीन ओळी लिहिल्या : १० नॉट, निघण्याआधी बूड घासून घ्या, ९६ फिल्टर मागवा. काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "अन् डिझेल कुठून भरून राहिले, ते नाही विचारलं?"

चौथी ओळ घातली आणि मग पाठवला.